निमुळत्या नळीला लेथवर आटे पाडताना पकड कशी घ्यावी

ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या शिवारात रेनगन, म्हणजे पाण्याची धार लांबवर फेकणाऱ्या सिंचनाच्या तोट्या, बाहेर निघतात, आणि त्यानंतरच्या आठवड्याभरात तालुक्याच्या गावी असलेल्या लेथच्या दुकानांत त्या रेनगनच्या नळ्या येऊ लागतात. विहिरीच्या पाण्यातली वाळू, घाईत तिरके चढवलेले नोझल आणि नंतर पान्याने दिलेला जोर यांमुळे नळीच्या तोंडाशी असलेले आटे झिजलेले किंवा चिरडलेले असतात. तेवढा खराब भाग कापून तिथे नवे आटे पाडून द्यावेत, एवढीच शेतकऱ्याची मागणी असते. काम ऐकायला अर्ध्या तासाचे वाटते. पण ही नळी बाहेरून निमुळती असते, म्हणजे तिचा व्यास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू कमी होत जातो, आणि लेथचा चक, म्हणजे काम धरून फिरवणारा भाग, हा सरळ गोल दांडा धरण्यासाठी बनवलेला असतो. या एका गोष्टीमुळे काम अवघड होते. ते नेमके कुठे अवघड होते आणि त्यावर उपाय काय, हे लेथवर नव्याने उभे राहणाऱ्यांना समजावे म्हणून हा लेख आहे.

रायफलच्या नळीचा आकार असाच असतो आणि तिच्या तोंडाशी आटे पाडतानाही हाच भूमितीचा प्रश्न उभा राहतो. मात्र आपल्या देशात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे किंवा त्यात बदल करणे गुन्हा आहे, म्हणून ते काम परवानाधारकांवरच सोडावे. आपल्या दुकानात येणारी नळी पाण्याची आहे आणि इथले सगळे आकडे तिचेच आहेत.

उदाहरणासाठी एक नळी ठरवून घेऊ. खराब टोक कापल्यानंतर तिची लांबी 600 मिमी उरली आहे, मागच्या टोकाचा बाहेरचा व्यास 46 मिमी आहे आणि तोंडाकडचा 34 मिमी. म्हणजे 600 मिमी लांबीत व्यास 12 मिमीने उतरतो. यालाच 1:50 चा टेपर म्हणतात. आतले भोकही निमुळते आहे, मागे 36 मिमी आणि तोंडाशी 26 मिमी. तोंडाशी 25 मिमी लांबीत एक इंची पाइपचे आटे पाडायचे आहेत. येथे नव्या मुलांची एक चूक नेहमी होते. एक इंची पाइप-आट्यांचा बाहेरचा व्यास 25.4 मिमी नसून 33.249 मिमी असतो, कारण ते नाव जुन्या काळच्या पाइपच्या आतल्या मापावरून पडलेले आहे. आट्यांचा कोन 55 अंश, एका इंचात 11 आटे, एका आट्याची खोली 1.479 मिमी आणि आट्यांच्या तळाशी उरणारा व्यास 30.291 मिमी, ही मापे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहेत.

या मापांवरूनच कामातला धोका लक्षात येतो. आट्यांच्या तळाशी 30.291 मिमी आणि भोक 26 मिमी, म्हणजे आट्यांखाली नळीची भिंत जेमतेम 2.1 मिमी उरते. आटे भोकाशी एककेंद्री पडले तर ही भिंत सगळीकडे सारखी राहील. आट्यांचा मध्य भोकाच्या मध्यापासून 0.4 मिमी सरकला तर एका बाजूला 2.5 मिमी आणि दुसऱ्या बाजूला 1.7 मिमी भिंत उरेल, आणि नोझल आवळताना नळी त्या पातळ बाजूला तडकेल. शिवाय नोझलची आतली कड नळीच्या भोकाशी जुळणार नाही. एका बाजूला पायरी तयार होईल, वेगाने येणारे पाणी त्या पायरीवर आदळून फुटेल, आणि सलग धार लांब जाण्याऐवजी त्या पाण्याचे तुषार रेनगनजवळच पडतील. शेतकरी मग पंपाला दोष देतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. तीन जॉच्या, म्हणजे तीन जबड्यांच्या, चकमध्ये सरळ दांडा धरला की प्रत्येक जॉ आपल्या पूर्ण लांबीवर, म्हणजे साधारण 50 मिमीवर, दांड्याला टेकतो. टेकण्याच्या या लांबीमुळेच दांडा लेथच्या अक्षाच्या रेषेत उभा राहतो. निमुळती नळी धरली तर त्या 50 मिमीत नळीचा व्यास 1 मिमीने बदलतो, म्हणजे जॉच्या एका टोकाशी नळी टेकलेली असते आणि दुसऱ्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरची फट राहते. पकड आहे असे हाताला वाटते, कारण चावी घट्ट फिरलेली असते. प्रत्यक्षात नळी फक्त एका अरुंद पट्ट्यावर धरलेली असते आणि त्या पट्ट्याभोवती ती कोणत्याही दिशेला कलू शकते. दोन बोटांच्या चिमटीत काठी मधोमध धरली तर तिची टोके जशी वर-खाली होतात, तशीच ही अवस्था असते.

नळी चकमधून निसटून अंगावर येईल ही भीती अनेकांना असते, आणि ती पूर्ण निराधार नाही, पण तिचे कारण बारकाईने पाहिले पाहिजे. ओल्या बोटांत चिंचोका दाबला की तो सटकतो, तशी निमुळती वस्तू आवळली की ती आपल्या जाड बाजूकडे सरकू पाहते. तरीही धातूवर धातूचे घर्षण कोरड्या अवस्थेत सुमारे 8 अंशांपर्यंतचा उतार सांभाळून धरते, आणि आपल्या नळीच्या बाजूचा उतार केवळ 34 मिनिटांचा, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त आहे. त्यामुळे ती आपोआप सुटून येत नाही. मात्र हत्याराचा दाब आणि थरथर यांमुळे ती केसभर मागे सरकू शकते, आणि आटे पाडताना केसभर सरकणेही पुरेसे घातक असते, कारण पुढच्या फेरीत हत्यार आधीच्या खाचेत न पडता तिच्या बाजूला पडते. म्हणून नळीच्या मागच्या टोकाला, स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) आत किंवा मागे, काहीतरी अडकण लावून ठेवावी. निसटण्यापेक्षा कलण्याचा धोका कितीतरी मोठा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुकानात मी शिकाऊ असताना अशीच एक नळी माझ्या हातून वाया गेली. मी तोंडाशी डायल (फिरणारे काम किती डगमगते ते काट्याने दाखवणारे साधन) लावली, रबरी हातोडीने ठोकत ठोकत काटा स्थिर केला आणि समाधानाने आटे पाडले. आटे चकचकीत आणि स्वच्छ निघाले. नोझल शेवटपर्यंत चढले, पण वॉशर एका बाजूला दबला आणि दुसऱ्या बाजूने पाणी गळू लागले. उस्तादांनी नळी पुन्हा चकमध्ये चढवली नाही. त्यांनी फक्त विचारले की डायल किती ठिकाणी लावली होती. मी एकाच ठिकाणी लावली होती. आज मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या प्रश्नात आले होते.

एका ठिकाणी काटा स्थिर आहे याचा अर्थ एवढाच की त्या ठिकाणी नळीचा मध्य लेथच्या अक्षावर आहे. रेषा ठरायला दोन बिंदू लागतात. समजा नळी पोकळ स्पिंडलमधून मागे गेलेली आहे आणि चकच्या 500 मिमी मागे ती अक्षापासून 3 मिमी खाली झुकलेली आहे. मग चकच्या 40 मिमी पुढे, तोंडाशी, ती सुमारे 0.24 मिमी वर असेल आणि डायल जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा फेर, म्हणजे एका फेरीतली काट्याची एकूण हालचाल, दाखवील. तुम्ही चकचे जॉ हलवून तोंडाचा फेर शून्यावर आणलात, तरी नळीचा कल तसाच राहतो. फक्त ती अक्षाला छेदण्याची जागा तोंडाशी येऊन बसते. आटे तोंडाशी बरोबर सुरू होतात आणि पुढे तिरके जातात. माझ्या नळीत हेच झाले होते.

म्हणून निमुळत्या नळीच्या पकडीत दोन टेकू लागतात, आणि ते एकमेकांपासून लांब व स्वतंत्रपणे हलवता येण्यासारखे असावे लागतात. पुढचा टेकू म्हणजे चार जॉचा चक, ज्याचा प्रत्येक जॉ वेगळा फिरतो. मागचा टेकू म्हणजे हेडस्टॉकच्या (स्पिंडल ज्यात बसवलेला असतो त्या भागाच्या) मागच्या बाजूला स्पिंडलच्या टोकावर बसवलेले एक कडे, ज्यात चार बाजूंनी चार स्क्रू असतात आणि त्यांच्या टोकांना पितळ लावलेले असते. काही दुकानांत याला स्पायडर म्हणतात. नळी स्पिंडलच्या भोकातून आरपार जाते, तोंड चकच्या पुढे 40 मिमी येते आणि जाड टोक मागच्या कड्यात येते. 52 मिमी भोकाच्या लेथवर आपली 46 मिमीची नळी सहज बसते. असे कडे बाजारात शोधत बसण्यापेक्षा जाड पाइपच्या तुकड्यापासून दुकानातच तयार करावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि ते आयुष्यभर पुरते.

या मांडणीत चकची पकड मुद्दाम अरुंद करायची असते, आणि हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. चार जॉ नळीवर लांब टेकले तर मागचे स्क्रू नळीला एका दिशेला ओढतात आणि जॉ तिला दुसऱ्या दिशेला धरून ठेवतात; नळी मधेच वाकते, आणि पकड सैल केल्यावर ती परत आपल्या जागी येऊन आटे तिरके दिसू लागतात. म्हणून जॉ आणि नळी यांच्यामध्ये 2-3 मिमी जाडीची तांब्याची तार नळीभोवती एक वेढा देऊन ठेवतात. मग नळी त्या तारेवर बिजागरीसारखी मोकळी कलू शकते; चक फक्त पुढचा मध्य ठरवतो, मागचे कडे फक्त कल ठरवते, आणि दोघांचे भांडण होत नाही. नळी पोलादी असेल तर तार सरळ तिच्यावर ठेवता येते. ओतीव ॲल्युमिनियमच्या नळीवर मात्र तार खाच पाडते, म्हणून आधी नळीवर 10-12 मिमी रुंदीची पातळ पितळी पट्टी गुंडाळावी आणि तार पट्टीच्या वरून घ्यावी. पातळ भिंतीची नळी आवळल्यावर जॉच्या जागी चपटी होते हेही विसरू नये. जॉच्या बरोबर खाली, नळीच्या आत, भोकाच्या उताराला जुळणारा लाकडाचा किंवा नायलॉनचा गुटका बसवला तर भिंतीला आतून आधार मिळतो. हा गुटका मागच्या, म्हणजे मोठ्या भोकाच्या बाजूने आत सरकवावा. तो तोंडापासून 40 मिमीच्या पलीकडे असल्याने पुढून डायल लावायला जागा मोकळी राहते, पण काम संपल्यावर तो काढायचा आहे याची आठवण म्हणून त्याला दोरी बांधून तिचे टोक मागे चिकटपट्टीने पक्के करून ठेवावे.

डायल कशावर लावायची हा प्रश्न पकडीइतकाच महत्त्वाचा आहे. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग ओतीव असतो, त्यावर रंग असतो, आणि बाहेरचा गोल व आतले भोक यांचा मध्य एकच असेल याची कोणी हमी देत नाही. पाणी भोकातून जाते. नोझल भोकाशी जुळायला हवे. म्हणून साक्ष भोकाची घ्यायची. त्यासाठी लांब टोकाची पपी डायल, म्हणजे भोकात पोहोचणारी छोटी डायल, लागते. भोक निमुळते असल्यामुळे डायल आत-बाहेर सरकवली तर काटा हलणारच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डायल एका खोलीवर स्थिर ठेवून चक हाताने फिरवायचा आणि पूर्ण फेरीत काटा किती हलतो ते पाहायचे. काटा एकूण 0.20 मिमी हलला तर मध्य 0.10 मिमीने सरकलेला आहे, म्हणजे दुरुस्ती नेहमी दिसणाऱ्या फेराच्या निम्मी करायची असते.

क्रम असा ठेवावा. प्रथम तोंडाच्या आत 5 मिमीवर डायल लावून चार जॉंनी फेर शून्याच्या जवळ आणावा. मग डायल मागच्या टोकाला नेऊन तिथल्या भोकात लावावी आणि कड्याचे स्क्रू फिरवून तो फेर कमी करावा. मागे हलवले की पुढचे थोडे बिघडते, म्हणून परत पुढे यावे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत प्रगती मोठी दिसते, नंतर ती अंशा-अंशाने होते, आणि इथेच धीर सुटतो. समोरासमोरचे दोन जॉ एकाच वेळी हलवावेत, एक सैल करून दुसरा आवळावा. एकच जॉ आवळत गेल्यास नळीवरचा दाब वाढत जातो आणि मध्य मात्र हवा तसा हलत नाही. पाण्याच्या नळीसाठी दोन्ही टोकांना 0.05 मिमीच्या आतला फेर पुरेसा चांगला आहे. शेवटी पुढून आत, डायल पोहोचेल तितक्या खोलीवर, तिसऱ्या ठिकाणीही फेर पाहावा. पुढे-मागे शून्य आणि मधे फेर असेल तर नळीच वाकडी आहे, आणि अशा वेळी मागच्या टोकाचा हट्ट सोडून तोंडाकडच्या दोन ठिकाणांवर, तोंडाशी आणि 40 मिमी आत, नळी सरळ करावी. आटे तिथेच पडायचे आहेत.

स्पिंडलचे भोक लहान असेल तर नळी आरपार जात नाही, आणि आपल्याकडच्या अनेक जुन्या बेल्टच्या लेथवर हीच अडचण असते. तेव्हा दोन सेंटरच्या, म्हणजे दोन्ही टोकांना टेकणाऱ्या शंकूच्या आकाराच्या टोकांच्या, मध्ये नळी धरणे हा मला सर्वांत विश्वासाचा मार्ग वाटतो. दोन्ही टोकांना भोकाच्या तोंडावर 60 अंशांची कड काढायची, मोठ्या डोक्याचे पाइप सेंटर त्या कडांत टेकवायचे आणि लेथ-डॉगने, म्हणजे नळीवर आवळून तिला चकबरोबर फिरवणाऱ्या पकडीने, नळी फिरवायची. बाहेरचा टेपर इथे पूर्णपणे बाजूला पडतो, कारण सेंटर भोकालाच धरतात. कड भोकाशी एककेंद्री हवी ही अट मात्र आहे, आणि टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा सेंटर धरणारा सरकता भाग) फार जोराने आवळल्यास पातळ तोंड फुगते हेही लक्षात ठेवावे. लेथ-डॉग निमुळत्या अंगावरून घसरू नये म्हणून त्याखाली तांब्याची पट्टी घ्यावी.

दुसरा मार्ग म्हणजे जाड टोक चकमध्ये आणि तोंडाजवळ स्टेडी, म्हणजे लांब कामाला तीन बोटांनी आधार देणारी चौकट. पण स्टेडीची तीन बोटे निमुळत्या, खडबडीत अंगावर सरळ टेकवू नयेत. ती नळीला लांबीच्या दिशेने ढकलतात आणि पृष्ठभागाचा प्रत्येक उंचवटा आट्यांत उतरवतात. त्याऐवजी नळीवर एक जाड पाइपची बाही चढवतात, जिला दोन्ही टोकांना चार-चार स्क्रू असतात. स्क्रू हलवून बाहीचा बाहेरचा गोल भोकाशी एककेंद्री करतात, आणि मग स्टेडी त्या बाहीवर चालते. एकाच प्रकारच्या दहा-वीस नळ्या आल्या, आणि त्यांचे बाहेरचे अंग भोकाशी एककेंद्री आहे हे तपासून पाहिले असेल, तर टेपर बुश, म्हणजे आतून निमुळती आणि बाहेरून सरळ अशी बाही, बनवणे फायद्याचे ठरते: कंपाउंड स्लाइड (हत्यार कोनात सरकवणारा भाग) 34 मिनिटांच्या कोनावर ठेवून आतून 1:50 चा उतार काढायचा, त्याच पकडीत बाहेरून सरळ गोल करायचे आणि लांबीत एक चीर द्यायची. एका नळीसाठी मात्र एवढा खटाटोप कोणी करू नये.

पकड योग्य झाली की पुढचे काम तुलनेने सोपे आहे. तोंड फेसिंग करून, म्हणजे अक्षाला काटकोनात सपाट कापून, घ्यावे, कारण वॉशर त्यावरच बसणार आहे; मग 25 मिमी लांबी 33.2 मिमीला सरळ गोल करावी, आणि शेवटी हत्यार थांबायला आट्यांच्या तळाइतकी खोल एक अरुंद खाच घ्यावी. कंपाउंड स्लाइड 27 अंशांवर ठेवली तर हत्याराची एकच बाजू जास्त कापते आणि धातू फाटत नाही, 1.479 मिमी खोलीसाठी स्लाइड एकूण सुमारे 1.66 मिमी पुढे न्यावी लागते. इंचात 4 आट्यांचा लीड स्क्रू (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) असलेल्या लेथवर 11 आट्यांसाठी गिअरचे प्रमाण 4:11, म्हणजे 20 आणि 55 दातांची जोडी चालते. लीड स्क्रू मेट्रिक असेल तर 127 दातांचा गिअर लागतो आणि आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट, म्हणजे लीड स्क्रूला हत्याराची गाडी जोडणारा नट, उघडायचा नसतो. हत्यार मागे घेऊन मशीन उलटे फिरवून परत यायचे. वेग मिनिटाला 60 फेऱ्यांच्या आसपास ठेवावा. ॲल्युमिनियमवर थोडे रॉकेल सोडल्यास आटे स्वच्छ निघतात, पण ते पेटणारे आहे, म्हणून जवळपास वेल्डिंग किंवा विडी-काडी नको.

मागच्या कड्याबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. आपले लक्ष पुढे हत्याराकडे असते आणि हेडस्टॉकच्या मागे चार स्क्रू फिरत असतात. आपल्या दुकानांत मागच्या बाजूने माणसे ये-जा करतात, गळ्यात गमछा असतो, शेतकरी आपले काम पाहायला जवळ उभा राहतो. मशीन सुरू करण्याआधी तिथे आडोसा लावावा, स्क्रू कड्याच्या बाहेर डोकावणार नाहीत इतके आखूड घ्यावेत, आणि नळी मागे जास्त लांब बाहेर आलेली असेल तर वेग वाढवूच नये, कारण आधार नसलेले टोक वेगात वाकून फटक्यासारखे फिरू लागते.

आटे पूर्ण झाल्यावर नळी लगेच सोडू नये. पकडीत असतानाच नोझल हाताने चढवून पाहावे. ते शेवटपर्यंत सारख्या सैलपणाने गेले पाहिजे. नोझल चढलेले असताना त्याच्या तोंडातल्या भोकावर डायल लावून चक हाताने फिरवावा, म्हणजे आटे, फेसिंग आणि नोझल या तिन्हींचा एकत्रित फेर कळतो. मग जॉ आणि मागचे स्क्रू सैल करून नळी मोकळी करावी, दोरी ओढून आतला गुटका काढावा आणि वॉशर घालून नोझल पुन्हा चढवावे. पकडीत नीट बसलेले नोझल आता एका बाजूला अडत असेल तर नळी आवळल्यामुळे वाकली किंवा चपटी झाली होती असे समजावे, आणि पुढच्या वेळी जॉवरचा दाब कमी करावा.